फझग्रस्त

फझग्रस्त माणूस ओळखायचा असेल तर त्याला इलेक्ट्रिक गिटारचा एखादा सुरेख, नितळ आवाज ऐकवावा. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "छान आहे. पण फारच स्वच्छ आहे रे." लग्नाच्या बैठकीत "मुलगा चांगला आहे हो, पण अगदीच सरळ आहे" असं ज्या सुरात म्हणतात, तोच हा सूर. मग तो स्वतःची गिटार उचलतो, पायाजवळच्या पेटीचं बटण अंगठ्याने दाबतो आणि तार छेडतो. आवाज फाटतो, फुगतो, खोलीभर खरखरत फिरतो आणि विझता विझता दोनदा अडखळतो. खिडकीच्या काचा थरथरतात. त्याच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरतं. "हां. आता कसं!"

ही पेटी म्हणजे फझ पेडल. गिटारमधून निघालेला सिग्नल तिच्यात इतका फुगवला जातो की लहरीचे माथे आणि तळ छाटले जातात, गोलसर लहर जवळजवळ चौकोनी होते आणि मुळात नव्हते असे कितीतरी वरचे स्वर तिला येऊन चिकटतात. थोडक्यात, पैसे मोजून आवाज बिघडवून घ्यायचा. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन नावाच्या पेट्याही हेच करतात, पण तसं त्याच्यासमोर म्हणू नये. म्हणाल तर रात्रीचं जेवण तिथेच होतं, आणि तेही फार उशिरा.

या जमातीचे नमुने ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात, झालंच तर न्यू जर्सीतही सापडतात. माझ्या परिचयातला कोथरूडचा. चाळिशी ओलांडलेला, हिंजवडीला नोकरी, केस मागे हटलेले पण जे उरलेत ते लांब. कॉलेजात असताना त्याचा बँड होता. पुढे ड्रमर कॅनडाला गेला, गायक फ्लॅट विकायला लागला आणि याच्याकडे उरली एक गिटार आणि एक प्रश्न: फझ कोणता घ्यावा? हा प्रश्न पडून पुष्कळ वर्षं झाली. दरम्यान कपाटाचा एक आख्खा कप्पा भरेल इतकी पेडलं जमली. पण पेडल विकत घेतलं म्हणजे निवड झाली, असं समजणारे आपण अडाणी. विकत घेतल्यावर खरी निवड सुरू होते.

नवखा श्रोता मिळाला की तो आधी नॅशव्हिलची कथा लावतो. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या कंट्री गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं आलं. गाणं हळुवार, शेजारी कुणी झोपलं असेल तर उठणार नाही असं. त्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कन्सोलमधला नेमका त्याचाच चॅनल बिघडला. गाण्याच्या मधोमध त्या बासचा आवाज असा काही फाटून, गुरगुरत आला की दुसऱ्या एखाद्या स्टुडिओने तो टेक फेकून दिला असता. इथे तो ठेवला गेला. गाणं गाजलं. इतर मंडळी 'तोच आवाज' मागत ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीकडे येऊ लागली. तोवर कन्सोलमधला तो बिघडका भाग पुरताच मेला होता. या ठिकाणी आमच्या मित्राचा आवाज दर वेळी दाटून येतो. मग स्नॉडीने रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याला हाताशी धरून तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवला, गिब्सन कंपनीला दिला आणि १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने तो बाजारात आला.

"म्हणजे तेव्हा कुणी मशीन वेळेवर दुरुस्त केलं असतं तर..." मी एकदा म्हणालो.

"तर आज आपण काय वाजवलं असतं?" तो गंभीरपणे म्हणाला. मी काहीच वाजवत नाही, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

कथेचा उत्तरार्ध १९६५ चा. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला 'सॅटिस्फॅक्शन'च्या त्या प्रसिद्ध सुरावटीच्या जागी खरं तर ब्रासची वाद्यं हवी होती. ती येईपर्यंत कच्चा खर्डा म्हणून त्याने माएस्ट्रोवर ती वाजवून ठेवली. बाकीच्यांनी तो खर्डाच बाहेर काढला आणि दुकानांतली सगळी फझ-टोन संपली. त्याआधीचे वेदकालीन ऋषीही त्याला पाठ आहेत. लिंक रे याने 'रंबल'साठी अॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली, ते १९५८. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला, ते १९६४. ही माहिती कळल्यापासून त्याची बायको घरातल्या होम थिएटरवर जरा लक्ष ठेवून असते.

कथा संपली की पंथ सुरू होतात. मूळ पंथ तीन. १९६५ मध्ये लंडनला गॅरी हर्स्टने केलेल्या टोन बेंडरचा एक. याचे अनुयायी कमी बोलतात आणि आपल्याला सगळं कळलंय असे दिसतात. दुसरा बिग मफचा. तो न्यू यॉर्कचा, माइक मॅथ्यूजच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा, साठच्या दशकाच्या अखेरचा. आवाज जाडजूड, लांब टिकणारा, पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने वाजवलेला. त्यातही त्रिकोणी मांडणीचा जुना, मेंढ्याच्या मुंडक्याचं चित्र असलेला, ऑप-अॅम्पवाला आणि रणगाड्याच्या रंगाचा हिरवा रशियन असे पोटभेद आहेत. दोन मफवाले एकत्र आले तर ते मफबद्दल एकमताने काही बोलतील अशी अपेक्षा ठेवू नये. न्यू जर्सीच्या मेव्हण्याला त्याने असाच एक मफ आणायला सांगितला होता. मेव्हण्याने मुलांसाठी चॉकलेटं आणायची ती जागा पेडलने अडवली, आणि पोरं अजून मामाशी नीट बोलत नाहीत.

पण आमचा मित्र तिसऱ्या पंथाचा, फझ फेसचा. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेलं हे पेडल गोल आहे, कारण त्याचं ओतीव खोकं माइकच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचलं. जिमी हेंड्रिक्सने त्याच्यावर पाय ठेवला आणि मग ते विसरलं जायची शक्यता संपली. मला त्याचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. एवढं सोपं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. एकूण अकरा वस्तू. आणि या अकरा वस्तूंवर एक सज्ञान, कर भरणारा, दोन मुलांचा बाप आयुष्याची दुपार घालवू शकतो.

वाद मुख्यतः त्या दोन ट्रान्झिस्टरांचा. पहिल्या फझ फेसमध्ये ते जर्मेनियमचे होते, पुढे सिलिकॉनचे आले. सिलिकॉनचा आवाज टोकदार आणि बेधडक. रोज सारखाच वाजतो, म्हणून त्याला याच्या लेखी किंमत नाही. जर्मेनियमचा मऊ, उबदार. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की तो आपोआप निवळतो. पण जर्मेनियमला उन्हाळा सोसत नाही. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमधून नको तेव्हा प्रवाह गळायला लागतो. दर दहा अंशांमागे ही गळती साधारण दुप्पट होते. लंडनच्या गारठ्यात जुळवलेलं पेडल एप्रिलच्या पुण्यात वाजवलं तर स्वर अर्ध्यातच तुटतो. त्यामुळे आमच्या मित्राचा संगीताचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकीचे महिने अभ्यासाचे.

गेल्या काही वर्षांत त्याने यावर तोड काढली: फ्रीज. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा दुसऱ्या फळीवर चक्क्याच्या पातेल्याशेजारी निळं, गोल फझ फेस प्लास्टिकच्या पिशवीत गार होत पडलं होतं. पिशवीला रबरबँड, आत बाष्प धरू नये म्हणून मूठभर तांदूळ. वहिनींनी चक्का काढताना ती पिशवी न बोलता डाव्या हाताने बाजूला सारली. त्या सारण्यात किती वर्षांचा संसार होता, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मग त्याने पेडल काढून घाईघाईने जोडलं, "उतरायच्या आत ऐक" म्हणाला आणि खरोखरच पहिली चार-पाच मिनिटं आवाज देखणा होता.

जर्मेनियम फझचं सोवळंही कडक. ओळीत त्याचा नंबर पहिला, थेट गिटारनंतर. मध्ये बफर असलेलं दुसरं पेडल आलेलं चालत नाही, आवाज चिडचिडा होतो. जुन्या पद्धतीच्या सर्किटची पॉझिटिव्ह बाजू अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून बाकीच्या पेडलांच्या अॅडॉप्टरवर ते लावलं की शॉर्ट. त्याला स्वतःची स्वतंत्र बॅटरी हवी. तीही भारीतली अल्कलाइन नको. स्वस्तातली, जुन्या धर्तीची कार्बन-झिंक, आणि शक्यतो अर्धी मेलेली, कारण व्होल्टेज उतरलं की आवाज म्हणे 'मोकळा' होतो. त्याच्या टेबलाच्या खणात नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग आहे, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने आकडा: ८.४, ८.१, ७.९. ही ७.९ त्याची विशेष लाडकी. मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एकदा नेमकी तीच उचलली. मुलाचा बझर परीक्षकांसमोर वाजला नाही, आणि घरी आल्यावर बापाने बॅटरी मोजून विचारलं, "तू हिला सात-चारवर आणलीस?"

मग तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या त्या बोळात तो शनिवारी दुपारी जातो आणि काउंटरला टेकून जुने एसी१२८ मागतो. एके काळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना हे ट्रान्झिस्टर किलोने लागायचे. आता दुकानदार स्टुलावर चढून माळ्यावरून धुळीचा पुडा काढतो.

"किती नग देऊ साहेब?"

"दोन हवेत."

"दोनच? मग हे दोन घ्या."

"नाही, हे दोन नाही. यातले दोन. मोजून घेतो."

यानंतर तो खिशातून मीटर काढतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा गेन ऐंशीच्या आसपास, दुसऱ्याचा एकशेवीसच्या आसपास आणि गळती दोघांची माफक, असं जोडपं त्याला हवं असतं. अख्खा पुडा मोजून होतो. मागे रांग लागते. त्यातला एखादा मिक्सरच्या मोटरचा कार्बन न्यायला आलेला असतो, तो सुरुवातीला चिडतो आणि नंतर स्वतःच आकडे लिहून घ्यायला लागतो. असं जोडपं बहुधा मिळतच नाही. मिळालं तर त्यातला एक घरी येईपर्यंत गरम झालेला असतो.

या शोधात एका रेडिओचा बळी गेला, ते सांगायलाच हवं. त्याच्या आजोबांचा चामड्याच्या कव्हरचा ट्रान्झिस्टर आत्याने जपून ठेवला होता. "बाबांनी एकाहत्तरच्या लढाईच्या बातम्या यावर ऐकल्या रे. 'आपली आवड' ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. तुला गाण्याची आवड, म्हणून तुझ्याकडे देते," म्हणत डोळे पुसत तिने तो याच्या हातात ठेवला. याचेही डोळे पाणावले, कारण पाठीमागच्या जाळीतून त्याला आत दोन एसी१२८ दिसले होते. रविवारी त्याने ते सोल्डर उकलून काढले. एकाची गळती इतकी होती की त्याला ट्रान्झिस्टर म्हणणं धाडसाचं, पण दुसरा ऐंशी भरला, अगदी ऐंशी. तो आज फझ फेसमध्ये पहिल्या जागी बसला आहे. पुढे आत्या भाऊबिजेला आली तेव्हा तिने विचारलं, "बाबांचा रेडिओ लागतो का रे अजून?" याने क्षणभर विचार केला आणि एक अक्षरही खोटं न बोलता म्हणाला, "लागतो ना. आवाज जरा बदललाय."

निवडीची परीक्षा हॉलमध्ये होते. फझला अॅम्प मोठ्याने लागतो, खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात, म्हणून अॅम्प 'एक'वर आणि त्याच्यावर सोलापुरी चादर. पाहुण्याला सोफ्यावर बसवायचं, पाठ करायला सांगायची. "हा पहिला." खर्रर्र. "आणि हा दुसरा." खर्रर्र. "फरक कळला?" अनुभवी पाहुणे अशा वेळी "दुसऱ्यात खाली जरा जास्त भरीवपणा आहे" म्हणतात. हे उत्तर कुठल्याही जोडीला चालतं आणि चहा लवकर येतो.

खरा कान निघाला त्याच्या वडिलांचा. ते पंचाहत्तरीचे, सवाई गंधर्वला एकही वर्ष न चुकवणारे. त्यांच्या खोलीत मिरजेचा तानपुरा आहे. सुरुवातीला फझ सुरू झाला की ते दारात येऊन "वायर सैल झालीये का रे?" विचारायचे. आणि मग आत जाऊन, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत अर्धा अर्धा तास जवारी लावत बसायचे, तार झणझणून बोलायला लागेपर्यंत. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे काय चाललंय यात फार अंतर नाही, हे तिसऱ्या माणसाला दिसत होतं. त्या दोघांना सांगण्याची सोय नव्हती. एके दिवशी याने फझमधला एक कपॅसिटर बदलला आणि आतून आवाज आला, "कालचा मोकळा होता. हा दबलाय." याने पळत जाऊन जुना कपॅसिटर परत लावला. "हां, हा कालचा."

तेव्हापासून वडील परीक्षक. चूक झाली ती इथे. त्यांना आता स्वतःची मतं आहेत. सिलिकॉनचा फझ त्यांना 'उथळ' वाटतो. हिरव्या रशियनबद्दल "खर्जात बरा आहे, वर गेला की रडतो" असा निकाल त्यांनी दिला आणि तो विकावा लागला. रात्री साडेदहाला ते उठून येतात आणि म्हणतात, "त्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं काही केलंस का?" एकाच घरात दोघं झाल्यावर वहिनींनी दोन दिवसांसाठी माहेरी जाण्याचा प्रघात पाडला.

असं सगळं असताना त्याने हे पेडल चार लोकांसमोर कधी वाजवलं का, हा प्रश्न रास्त आहे. वाजवलं. गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात लहान मुलांचं फॅन्सी ड्रेस आणि पाककलेचं बक्षीस वितरण यांच्यामध्ये त्याला पाच मिनिटं मिळाली. थंडाई न्यावी तसा तो थर्मासच्या पिशवीतून बर्फात ठेवलेला फझ फेस घेऊन आला. बॅटरी ७.८. वडील पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून.

त्याने पहिला सूर लावला आणि साउंडवाला पोरगा मिक्सर सोडून धावत स्टेजवर आला. वीस-बावीसचा, कामाला चोख. "दादा, थांबा, वायर गेली," म्हणत त्याने वायर बदलली. दुसरा सूर. पोराने जॅक काढला, शर्टाला पुसला, परत घातला. तिसरा सूर. आता पोरगा मनापासून घाबरला. "दादा, ही डबी खराब आहे," असं म्हणून त्याने फझ फेस बाजूला काढला, गिटारची वायर सरळ मिक्सरला दुसरीकडे खोचली आणि अंगठा दाखवला. चौथा सूर स्वच्छ, नितळ, मंजुळ आला. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी माइकवर येऊन तांत्रिक अडचण दूर केल्याबद्दल साउंडवाल्याचे आभार मानले. वडील उठून घरी गेले.

त्याची पाच मिनिटं आटोपल्यावर तो मंडपामागे खुर्चीवर बसला होता, मांडीवर पेडल. मी काही बोलणार तेवढ्यात पोरगा वायरी गुंडाळत आला. "सॉरी हां दादा. मला वाटलं चॅनलचाच लोचा आहे. तो चार नंबर चॅनल महिनाभर फाटतोय."

त्याने मान वर केली. "फाटतोय म्हणजे कसा?"

"फाटतो हो. खर्जात घुमतो, वर फाटतो. मधेच कापतो."

"लाव बरं."

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. गिटार चार नंबरला लागली आणि त्याने जाड तार एकदाच, हळूच ओढली. आवाज काय आला ते मला सांगता यायचं नाही. मला तो बाकीच्या सगळ्यांसारखाच वाटला. पण त्याने तार परत ओढली, मग गिटारचा व्हॉल्यूम उतरवला, तसा आवाज निवळला. चढवला, तसा फाटला. तो खुर्चीवरून उठला.

"हा मिक्सर विकतोस?"

"हा? दादा, नवा घ्या की. यात काय राहिलंय!"

"हाच. बोल किती?"

पोराने डोकं खाजवलं, भीत भीत एक आकडा सांगितला आणि याने घासाघीस न करता मोबाइल काढून तिथल्या तिथे पैसे पाठवले. एवढं झाल्यावर पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इमानदार मुलगा. तो म्हणाला, "दादा, असं करतो, तुमच्याकडून एवढे घेतले तर आज रात्रीत तो चार नंबर खोलून नीट करतो आणि सकाळी घरपोच..."

"हात लावायचा नाही!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडे पाककलेचं दुसरं बक्षीस घेणाऱ्या देशपांडेकाकूंनी घेतलेला डबा परत टेबलावर ठेवला.